सतरा नंबरचा बिल्ला

मनोऱ्याच्या पायऱ्या एकशे शहाऐंशी, आणि त्या वरून खाली झाडत यायचं असतं. हे राखणदाराच्या घरातल्या सुनेला कुणी शिकवलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात उलटं झाडून बघितल्यावर तिचं तिला कळलं होतं. सोमवारी सकाळी साडेसहाला तिनं नेहमीसारखं मोठं कुलूप काढलं, दार खांद्यानं ढकललं, आणि तिसऱ्याच पायरीवर एक बाई बसलेल्या दिसल्या. साठीच्या आसपासच्या. अंगावर पाय पुसायचं गोणपाट पांघरलेलं, चष्मा नीट डोळ्यांवर, गळ्यात पितळी बिल्ला.

"हा कुणाकडे द्यायचा?" बाईंनी विचारलं. आवाज पार बसला होता.

सुनेनं बिल्ला हातात घेतला. सतरा नंबर. मग तिनं मान वळवून दाराशेजारच्या बोर्डाकडे बघितलं. बोर्डावर चाळीस खिळे आणि चाळीस खिळ्यांवर चाळीस बिल्ले. सतराच्या खिळ्यावर सतरा नंबरचा बिल्ला व्यवस्थित लटकत होता.

स्मारकाचा सगळा कारभार या बोर्डावर चालायचा. वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला घालायचा, उतरल्यावर काढून घ्यायचा. चाळीस बिल्ले संपले की एक्केचाळिसाव्यानं खाली थांबायचं, कारण वरच्या सज्ज्यावर त्याहून जास्त माणसं नकोत. जिना अरुंद, म्हणून पिशव्या खालच्या कपाटात. संध्याकाळी घंटा द्यायची आणि बोर्ड भरला की दार लावायचं. घरच्यांना तेवढा बिल्ला नसे. ते दिवसातून दहा वेळा वरखाली करणार, त्यांना कोण मोजत बसणार?

सुनेनं बाईंना हाताला धरून घरी आणलं, स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसवलं, दोन कप चहा एकामागून एक पाजला. मग पुढच्या खोलीत जाऊन स्मारक समितीच्या चिटणिसांना फोन लावला आणि काय झालं ते सरळ सांगून टाकलं. घरातल्या कुणालाही न विचारता.

"तुला कुणी सांगितलं होतं फोन करायला?" नवरा झोपेतून उठून आला होता. त्याला सगळे छोटू म्हणत. वय अडतीस, उंची सहा फूट, आणि नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"नियमच आहे तसा. बाई रात्रभर आत अडकल्या होत्या हो! दहा वाजता येतायत ते."

"दहा वाजता!" छोटू मटकन खाली बसला. "संपलं सगळं."

*

छोटूची थोरली बहीण ताई फोन मिळताच निघाली आणि नऊला पोचली. ती शहरात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर होती. कुठे कोण अडकलं, किती वेळ, कुणाच्या चुकीनं, हे लिहून काढणं तिचं रोजचं काम. चप्पल काढायच्या आधीच तिनं पर्समधून वही काढली.

"काल दार कुणी लावलं?"

त्यांचे वडील, आबा, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. उत्तर छोटूनं दिलं. "मी."

"तू काल रविवारी इथे होतास?"

"ताई, कळत नाही का तुला? कागदावर मीच राखणदार आहे. किल्ली माझ्या नावावर आहे. ती दुसऱ्याच्या हातात होती असं निघालं तर नोकरी जाते, आणि नोकरीबरोबर हे घर. आबा रिटायर होऊन सोळा वर्षं झाली. त्यांचा आता काडीचा संबंध नाही, असं समजतात तिकडे."

"आणि तू रविवारी सहलीच्या बस चालवतोस, ते नाही ना समजत?"

"तीन माणसांना विचार, पगारात भागतं का ते."

"मी विचारत नाहीये, मी सांगतेय. खरं ते सांगा, घर गेलं तर जाऊ दे. किती वर्षं घसा कोरडा करतेय, माझ्याकडे चला म्हणून. चौथा मजला आहे, पण लिफ्ट आहे. आबांच्या गुडघ्यांना बरं."

"आबांच्या गुडघ्यांना काय झालंय?" छोटू म्हणाला.

ताईनं आबांकडे बघितलं. आबांनी खिडकीबाहेर बघितलं. दारातून सून सगळं ऐकत होती. तिला सासऱ्यांच्या गुडघ्यांचं चार वर्षांपासून माहीत होतं. सज्ज्यावर कबुतरांनी केलेली घाण ते वर गेले नाहीत म्हणून तशीच असायची, आणि ती मुकाट्यानं पुसायची. बोलून दाखवायचं मात्र तिला कधी सुचलं नव्हतं. त्यांची त्यात बेअब्रू होती.

"माझं ताईंसारखंच म्हणणं आहे," ती म्हणाली. "खरं काय ते सांगावं."

छोटू चाटच पडला. या दोघींचं गेल्या बारा वर्षांत कशावरही एकमत झालं नव्हतं. पडद्यांच्या रंगावरून एकदा सहा महिने अबोला होता. आज नेमक्या एका बाजूला.

"आबा," ताईनं वही उघडली, "नीट आठवून सांगा. घंटा दिलीत?"

"दिली."

"बोर्ड?"

"भरलेला. चाळीसच्या चाळीस."

"कपाटात बाईंची बॅग होती?"

आबांना वेळ लागला. "होती. तपकिरी. कुणीतरी विसरलं असेल म्हणून मी कपाटाला तसंच कुलूप घातलं."

"विसरलं असेल? आबा, बॅग खाली आहे म्हणजे माणूस वर आहे. लहान पोरालाही कळेल."

"बोर्ड भरला होता," आबा म्हणाले. त्यांच्या वडिलांनी त्यांना तेच शिकवलं होतं: बोर्ड भरला म्हणजे मनोरा रिकामा. पण त्या वाक्याचा पुढचा अर्धा भागही होता, आणि तो या खोलीत फक्त आबांना आठवत होता. तरीही एकदा वर जायचं, डोळ्यांनी बघायचं, मग कुलूप.

"पण मुळात सतरा नंबरचे दोन बिल्ले आले कुठून?" छोटूनं विचारलं. "बाईंनी घरून तर आणला नसेल."

यावर आबा उठले आणि बाहेर पडून मनोऱ्याकडे गेले. छोटूची आई, माई, इतका वेळ कोपऱ्यात भाजी निवडत होत्या. त्यांनीही ताट बाजूला ठेवलं.

*

आबांनी बोर्डावरचा सतरा काढला, सकाळी सुनेनं तिकिटांच्या टेबलावर ठेवलेला सतराही उचलला आणि दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांना माहीत नव्हतं असं काही यात नव्हतं, निदान अर्ध्याबद्दल तरी.

सव्वीस वर्षांपूर्वी एका सकाळी सतराचा खिळा रिकामा दिसला होता. राखणदार आबाच होते, पण त्यांचे वडील अजून जिवंत होते आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला काठी टेकत येऊन बिल्ले मोजायचे. लढाईत पडलेल्यांचं स्मारक आहे, इथे एकही हरवता कामा नये, असं ते म्हणायचे. माणसांबद्दल म्हणायचे की बिल्ल्यांबद्दल, ते कधी कळलं नाही. एक तारखेला चार दिवस उरले होते. आबांनी शहरातल्या एका पितळकाम करणाऱ्याला गाठून हुबेहूब सतरा करून घेतला, मिठाच्या पाण्यात काळवंडून जुना केला आणि खिळ्यावर टांगला. वडिलांनी मोजले, मान हलवली आणि गेले. ही गोष्ट आबांनी कुणालाही सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा. पन्नाशीचा माणूस बापाला घाबरतो, हे सांगणार कसं?

म्हणजे एक सतरा त्यांनी केलेला. मग दुसरा?

"तो मी टांगला," मागून माई म्हणाल्या.

आबा वळले.

"काल दुपारी. तुमचा डबा घेऊन आले तेव्हा. सकाळी जुनी ट्रंक उपसली होती ना, त्यात ताईचं शाळेतलं दप्तर निघालं. फडकी करावीत म्हणून उसवलं, तर अस्तरात हा." माईंनी दोन्हीतला एक बरोब्बर उचलला. "तेव्हा ताई रडत आली होती माझ्याकडे. मैत्रिणींना दाखवायला म्हणून शाळेत नेला आणि हरवला. मी म्हटलं, आबांना सांगू नको, आजोबा त्यांना फाडून खातील. इतकी वर्षं मला वाटत होतं, तुमचा तो खिळा रिकामाच आहे आणि तुम्ही आम्हाला काही बोलत नाही. काल आले, तुम्ही तिकिटं फाडत होतात. खिळा बघितला तर रिकामा. मला इतकं बरं वाटलं! टांगला आणि गेले. म्हटलं, कधीतरी दिसेल यांना, चकित होतील."

"खिळा रिकामा होता कारण मी तेव्हा करून घेतलेला दुसरा सतरा बाईंच्या गळ्यात होता," आबा म्हणाले.

"ते मला काय माहीत? मी बोर्डाकडे कधी बघते का? तुमच्या बोर्डाला हात लावायची कुणाची छाती होती?"

आबा स्टुलावर बसले. त्यांना हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं. माईंनी पदर तोंडाशी नेला.

"माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. "मी सांगते त्या चिटणिसांना. म्हातारीची चूक म्हणून सोडून देतील."

"तुझ्यामुळे नाही. मी वर गेलो असतो तर शंभर बिल्ले टांगले असतेस तरी काही झालं नसतं."

"गुडघे दुखतात तुमचे."

"तुला माहीत होतं?"

"बेचाळीस वर्षं एका खोलीत झोपते मी. रात्री कूस बदलताना कण्हता, ते काय भिंत ऐकते?"

*

माईंची दप्तराची गोष्ट पुढच्या खोलीत सांगून झाली, तेव्हा साडेनऊ वाजले होते. ताईनं वही मिटली.

"माझा बिल्ला," ती म्हणाली. "अगं, मी आठवीत होते."

"कुणी तुला दोष देत नाहीये," आबा म्हणाले.

"देत नाहीये कसं? हे सगळं लिहायचं म्हटलं तर सुरुवात माझ्यापासूनच होते." तिनं छोटूकडे बघितलं, आणि सुनेच्या लक्षात आलं की वारा फिरला. "छोटू म्हणतो तेही चूक नाही. उगाच एवढा इतिहास उकरायचा कशाला? छोटूनं दार लावलं, नजरचुकीनं राहून गेलं, बाईंची माफी मागितली. चार ओळींत होतं. त्याला ताकीद मिळेल, फार तर एक महिन्याचा पगार. घर तरी राहील."

"आणि तुमची लिफ्ट?" सुनेनं विचारलं.

"तू गप्प बस. तूच फोन करून ठेवलास."

"मग काय करायचं होतं? चहा पाजून गुपचूप खालच्या बसमध्ये बसवून द्यायचं होतं बाईंना?"

छोटूनं नजर चुकवली; सकाळी त्याच्या डोक्यात पहिल्यांदा तेच आलं होतं.

"मी आत येऊ का?"

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. खांद्यावर सुनेची शाल, हातात रिकामा कप. शहरात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, दुकानावरच्या खोलीत त्या एकट्या राहत. घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून रात्री कुणी शोधलंही नव्हतं.

"भिंत पातळ आहे, ऐकू येतं सगळं," त्या म्हणाल्या. "मी भांडायला आलेली नाही. तुम्ही सांगाल तसं मी चिटणिसांना सांगेन. मला घरी जायचंय. फक्त यांनी दार लावलं असं म्हणायचं असेल," त्यांनी छोटूकडे बोट केलं, "तर दार लागल्यानंतर तासाभरानं हे गाडीतून उतरले, हे मी बघितलंय. मला दूरचं स्वच्छ दिसतं. जवळच्यालाच चष्मा लागतो."

छोटूनं मान खाली घातली.

"दुपारपासून मी वरच बसले होते, घंटा ऐकून निघाले," बाई पुढे म्हणाल्या. "माझा गुडघा धड नाही. एकेक पायरी बसत बसत उतरत होते. निम्म्यावर असेन, तेव्हा दाराचा आवाज आला. ओरडले, दार वाजवलं. फोन बॅगेत, आणि बॅग कपाटात कुलपात. एवढं जाड दार, कोण ऐकणार? मग वाटलं, वरून कुणाला तरी दिसेन, म्हणून पुन्हा वर चढले. तिथून तुमची खिडकी दिसते. दिवा होता. तुम्ही चौघं जेवत होता. ही मुलगी सारखी उठून वाढत होती. मी माझी ओढणी हलवत होते. बराच वेळ हलवली."

त्यांनी कप टेबलावर ठेवला.

"मला राग आला नाही, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता जेवण झालं की कुणीतरी उठेल, वर येऊन बघेल. तुम्ही दिवा मालवलात, तेव्हा खाली आले."

माई रडायला लागल्या. आबांनी काल काय जेवलो ते आठवायचा प्रयत्न केला आणि त्यांना आठवेना. जेवताना आपण खिडकीकडे पाठ करून बसतो, एवढंच आठवलं.

*

चिटणीस दहाला पाच कमी असताना आले. बारीक अंगाचे, नीटनेटके, काखेत फाईल. बसायच्या आधीच म्हणाले, "काय छोटूशेठ, कसं काय झालं हे?"

छोटूनं तोंड उघडलं. आबा त्याच्या आधी बोलले.

"दार मी लावलं. दोन वर्षं रविवारी मीच लावतो. हा इथे नसतो."

"आबा!" छोटू उठून उभा राहिला.

"बस खाली. बिल्ला आमच्या घरातून जास्तीचा टांगला गेला, तो कसा ते ताई लिहून देईल, तिला येतं. पण ते कारण नाही. लावायच्या आधी वर जाऊन बघायचा नियम आहे. माझ्या वडिलांनी पाळला, मी पाळला. गेली चार वर्षं मी वर गेलेलो नाही. साठाव्या पायरीच्या पुढे माझे पाय चालत नाहीत. मी बोर्ड बघून कुलूप लावतो आणि घरी येऊन जेवतो." ते बाईंकडे वळले. "तुमची बॅग मी बघितली होती. तरी लावलं. तुमची माफी मागायला तोंड नाही मला, पण मागतो."

बाईंनी मान हलवली. चिटणिसांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"आबा, तुम्ही हे सांगितलं नसतं तर मला सोपं झालं असतं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"समितीची बैठक गुरुवारी आहे. छोटूचं काही मी सांगू शकत नाही. अवघड आहे. घराचंही तेव्हाच ठरेल." त्यांनी हात पुढे केला. छोटूनं खिशातून किल्ली काढून दिली. मोठी, वीतभर, मधल्या भागात झिजून चकचकीत झालेली. चिटणिसांनी ती हातात तोलली आणि अडचणीत पडले. "उद्या सकाळी दोन शाळा येतायत. बंद ठेवता येत नाही. वर रोज कोण जातं?"

ज्याला त्याला दुसऱ्याकडे बघावंसं वाटलं. शेवटी सगळ्यांनी एकीकडेच बघितलं.

"मी," सून म्हणाली. "झाडायला."

"मग गुरुवारपर्यंत तुमच्याकडे. सही करा इथे." जाताना त्यांना एक सतरा पुरावा म्हणून हवा होता. दोन्हीत फरक दिसेना. माईंनी आबांनी केलेला उचलून दिला आणि खरा मुठीत ठेवला.

ताई बाईंना घेऊन निघाली. वाटेत डॉक्टरकडे गुडघा दाखवायचं ठरलं होतं. छोटू बसच्या मालकाला फोन करायला मागच्या अंगणात गेला आणि दुपारपर्यंत बापाशी एक शब्द बोलला नाही. त्यानंतरही बोलला तो मीठ मागण्यापुरताच.

*

संध्याकाळी घंटा सुनेनं दिली. सोमवार, गर्दी नव्हती. पंधरा-वीस माणसं उतरली, बिल्ले दिले, पिशव्या घेतल्या आणि बसच्या दिशेनं गेली. कपाट रिकामं झालं. बोर्ड भरला. आबा काठी टेकत आले, तेव्हा ती कंबरेला ओढणी खोचून पायरीवर पाय ठेवत होती.

"वर जाऊन येते," ती म्हणाली.

"थांब."

त्यांनी बोर्डावरून सतरा काढला. खरा, माईंनी दुपारी स्वतःच्या हातानं टांगलेला. दोरीची गाठ नीट केली आणि तिच्यापुढे धरला.

"आबा, मला कशाला? घरच्यांना कुठे असतो?"

"घाल."

तिनं मान वाकवली. त्यांनी तो तिच्या गळ्यात घातला, जसा चाळीस वर्षं अनोळखी माणसांच्या गळ्यात घालत आले होते. ती वर गेली. तिच्या चपलांचा आवाज पहिल्या वळणापर्यंत आला, मग येईनासा झाला.

घरातून माईंनी हाक मारली, ताटं वाढली आहेत म्हणून. छोटू मनोऱ्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्यानंही विचारलं, "येताय ना?"

"तुम्ही बसा," आबा म्हणाले. "अजून एक माणूस वर आहे."

ते स्टूल ओढून रिकाम्या खिळ्यासमोर बसले. छोटू घराकडे तोंड करून "आई, थांब गं जरा" असं ओरडला आणि येऊन बापाशेजारी पायरीवर बसला.